सात तोंडांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना आणि फुटका. सध्या माझा मुक्काम एका पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू ठेवतात ती ही खोली. माझ्या डाव्या अंगाला एक गंजका कोयता आहे, उजव्या अंगाला कुणाच्या तरी मोटारसायकलचा आरसा आणि वरच्या फळीवर गावठी दारूचा कॅन. तो मेला रोज थोडा थोडा गळतो आणि थेंब नेमके माझ्यावर पडतात. मी खाकी पाकिटात आहे. पाकिटाला लाखेचं सील आहे आणि वर चिठ्ठी आहे, 'एक मोबाइल, फुटलेल्या अवस्थेत.' कुणी फोडला ते चिठ्ठीवर नाही. तुम्ही म्हणाल, पोलिसांनीच फोडला असणार. तर नाही! मला माझ्याच धन्यानं फोडलं, आणि तरी माझ्या मनात त्याच्याबद्दल तिळभर राग नाही. का नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पुसलं आणि डब्यात निजवलं. डबा उघडला तो थेट मुळशी तालुक्यात, माण गावातल्या एका दुकानात. माणमध्ये पूर्वी शेतं होती म्हणे. आता कंपन्या आहेत, आणि जुने शेतकरी खोल्या भाड्यानं देतात. दुकानात गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं यायची, मला हातात घ्यायची आणि "अरे, हा तर एकदमच बेसिक आहे यार" म्हणून परत ठेवायची. बेसिक म्हणे! माझा नुसता जळफळाट व्हायचा. पण बोलणार कुणाला?

मग एक दिवस मल्हार आला. खांद्यावर घोंगडं, पायात खिळे ठोकलेल्या जाड धनगरी वहाणा. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास होता, तशी दोन मुलं नाक मुरडून बाजूला सरकली. कोकराचे दात बघावेत तसं त्यानं मला उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आवाज मोठा हाय का पर? रानात आइकू याया पायजे."

आवाज माझा खणखणीत होता. मी पसंत पडलो. दुकानदारानं सिमकार्डासाठी कागद मागितले आणि तिथे घोडं अडलं. मल्हारच्या घरची माणसं सात, पण वर्षातले आठ महिने भटकंती. कुणाचं आधार कार्ड पावसात भिजून लगदा झालेलं, कुणाच्या नावात चूक, कुणाचा अंगठा काही केल्या यंत्राला पटेना. धड कार्ड एकट्या म्हाताऱ्याचं. म्हणून माझं सिमकार्ड आलं ते 'बिरू धुळा कोकरे' या नावावर. मित्रांनो, एवढी गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

बिरू कोकरे म्हणजे मल्हारचे वडील. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांचा वाडा होता कासार आंबोलीच्या वरच्या माळावर. धनगरांचा वाडा म्हणजे भिंतींचं घर नव्हे बरं का. जाळीचं गोल कुंपण, आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल, राखणीला कुत्रं, झाला वाडा. दिवाळी झाली की ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जायचं, उन्हाळा संपता संपता परत वर यायचं. वाड्यावर नाना, त्यांची बायको बायजाआजी, मल्हार आणि त्याची बायको, त्यांची लेक करिष्मा, नानांचा पुतण्या बहिरू आणि बहिरूची बायको. सात माणसं आणि दोनशे मेंढरं. घोडी एक, तवा एक, तसा फोनही एकच. जो लांब जाईल तो मला घेऊन जाणार. घोडीच्या पाठीवर सौरपाटी बांधलेली असायची, तिच्यावर चालता चालता माझं पोट भरायचं.

नाना मला फारसे हात लावत नसत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कान! काय सांगू तुम्हाला! दोनशे मेंढरांतली एकेक मेंढी ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. डोळे मिटून बसलेले असले तरी मध्येच म्हणायचे, "मोरी वरडती हाय. तिचं पिल्लू वढ्यात ऱ्हायलं बघा." आणि खरंच पिल्लू ओढ्यात असायचं.

करिष्मानं माझ्यात 'गावकट्टा' नावाचं ॲप घेतलं. त्यात फोटो टाकता यायचा, आणि बटण दाबून धरलं की बोललेलं सगळ्या तालुक्याला ऐकू जायचं. खातं कुणाच्या नावावर? ज्याचं सिमकार्ड त्याच्या. 'बिरू कोकरे' असं नाव आणि फोटोच्या जागी आपला एक शिंगवाला एडका. सातही जणं त्यावरच बोलायची. आपण नानांच्या नावानं बोलतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. घरातल्या एकाच ताटात सगळे जेवतात तेव्हा ताट कुणाचं असं कोण विचारतं?

आणि बोलायची तरी काय! धनगराचं बोलणं म्हणजे रोखठोक. एका पहाटे लांडग्यानं तीन कोकरं फाडली. आतडी बाभळीला लटकलेली होती. बायजाआजीनं मला पकडलं, बटण दाबलं आणि ओरडली, "मेल्या, हाताला गाव एकदा! तुजं आतडं काढून खुंट्याला बांधती का न्हाई बघ!" बिरोबाच्या जत्रेत मल्हारनं बोकड कापला, रक्तानं माखलेला कोयता वर धरला आणि हसत फोटो काढला. ताम्हिणीच्या ढाब्यापाशी एका टेम्पोनं दोन मेंढ्या चिरडल्या आणि न थांबता निघून गेला. बहिरूनं त्या चेंदामेंदा झालेल्या मेंढ्यांशेजारी उभं राहून तालुक्याला सांगितलं, "गावला तर जित्ता सोडनार न्हाई." टेम्पोवाला गावला नाही. संध्याकाळी बहिरू रडून, जेवून झोपला.

नाना माझ्यावर एकदाच बोलले. एकदाच! त्यांना बाजाराला जायचं होतं आणि कोकरं त्यांच्या हाकेशिवाय वाड्यात शिरत नव्हती. करिष्मानं त्यांच्या तोंडापुढे मला धरलं. नाना लाजले, खाकरले आणि त्यांनी आपली हाक दिली, "हुर्रऽऽ, ट्ट्ट्, हुर्रऽऽ." करिष्मानं ती गावकट्ट्यावर टाकून ठेवली. नाना नसले की ती मला उंच धरून हाक वाजवायची आणि दोनशे मेंढरं माना वळवून माझ्याकडे धावत यायची. मित्रांनो, बेसिक म्हणणाऱ्या त्या पोरांना मला तेव्हा बोलावून दाखवायचं होतं!

करिष्मा एकोणीस वर्षांची होती. तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे उठून, मेंढ्यांचं काम आवरून ती मामाच्या गावी, माणच्या मैदानावर जायची आणि आठशे मीटर पळायची. वेळ मोजायला मी. पळण्याची वेळ ती गावकट्ट्यावर टाकायची. तिचा भरतीचा फॉर्म भरून झाला होता. मल्हारनं वाड्यावर सगळ्यांना तंबी दिली होती, "कुनाच्या भांडनात पडू नगा. पोरीच्या नावावर एक केस लागली की वर्दी गेली समजा." नाना मान हलवायचे. घराण्यात कुणी वर्दी घालील हे त्यांना खरंच वाटत नव्हतं, आणि तरी जत्रेत भेटेल त्याला ते सांगत सुटायचे.

इकडे आमच्या नकळत आणखी एक जण आमचं बोलणं ऐकत होता. सरकारनं एक यंत्र बसवलं होतं. माणसासारखा विचार करणारं म्हणे. लोक मोबाइलवर काय लिहितात, काय बोलतात, कसले फोटो टाकतात ते सगळं त्यानं तपासायचं आणि धोक्याचा माणूस हुडकून काढायचा. नाव ठेवलं होतं 'जागल्या'. पूर्वी गावात रात्री राखण करणारा जागल्या असायचा. तो म्हणे नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखायचा. या नव्या जागल्याला खोकला कळत नव्हता की रडणं कळत नव्हतं. तो आवाजाचे शब्द करायचा, शब्द कागदावर उतरवायचा आणि आवाज टाकून द्यायचा. म्हणजे बायजाआजी ओरडली काय, बहिरू रडत बोलला काय, त्याच्या कागदावर एकच: बिरू कोकरे, वय सहासष्ट.

आता दादासाहेबांचं सांगतो. दादासाहेब कासार आंबोलीचे जुने जमीनदार. त्यांच्या वडिलांच्या काळी नानांना मानानं बोलावणं यायचं, "मेंढरं बसवा आमच्या रानात." मेंढरं रात्री शेतात बसली की खत फुकट पडतं, आणि धनगराला धान्य मिळतं. माळावरून ओढ्यावर जाणारी मेंढरांची वाट त्यांच्याच शेतातून होती. दोन वर्षांपूर्वी दादासाहेबांनी ती जमीन विकली. शनिवार-रविवारी येणाऱ्यांचा बंगला झाला, भिंत झाली, लोखंडी फाटक झालं. वाट फाटकाच्या आत गेली. पाण्यावर जायला भिंतीच्या कडेनं जेमतेम एक मेंढी मावेल एवढी जागा उरली.

दसऱ्यानंतरची दुपार होती. करिष्मा मेंढरं घेऊन त्या कडेनं चालली होती. फाटक उघडलं आणि दोन कुत्री सुटली. वासराएवढी होती ती. राखणदार आतून ओरडला, "हटाओ यहाँ से!" पण हटवणार कुठे? एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा कडा. कुत्र्यांनी पहिली मेंढी गळ्याला धरली आणि झटके दिले. दुसरीची मांडी फाडली. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली, काही कड्यावरून खाली पडली आणि त्यांच्या माना मोडल्या. मोरी गाभण होती. तिचं पोट कुत्र्यानं उघडलं. आतलं पिल्लू अजून हलत होतं. करिष्मा काठी घालत होती. काठी मोडली तेव्हा तिनं दगड घातला, आणि एका कुत्र्यानं तिचा हात कोपराखाली धरला. मी तिच्या कमरेच्या पिशवीत होतो. तिची किंकाळी मला आजही ऐकू येते.

राखणदारानं शेवटी कुत्री आत घेतली आणि फाटक लावून टाकलं. नऊ मेंढ्या मेल्या. करिष्मा मोरीपाशी बसली. रक्तानं बरबटलेल्या अंगठ्यानं तिनं माझं बटण दाबलं.

"आइका रं समदी! बंगल्यावाल्यानं आमच्या मेंढरांवर कुत्री सोडली. नऊ मेली. त्या मान्साला आन् त्याच्या कुत्र्यांना येकाच कुऱ्हाडीनं तोडलं पायजे. सोमवारी कातरणीला समदे वाडे गोळा हुत्यात. मंग बघू कोन वाट अडवतंय!"

आणि शेवटी ती हमसून हमसून रडली. ते रडणं माझ्यात आहे. जागल्याच्या कागदावर ते नाही.

नानांनी संध्याकाळी ते ऐकलं. पोरीच्या हाताला हळद लावता लावता म्हणाले, "बोलून मोकळी झाली, ब्येस झालं. तोंडातनं गेल्याला राग हातात येत न्हाई." मग ते दादासाहेबांकडे गेले. दादासाहेब ओट्यावर बसले होते. "नाना, जमीन इकली. आता माझ्या हातात काय बी न्हाई," म्हणाले आणि चहा विचारला. नाना चहा न घेता परत आले. त्यांनी ठरवलं, कातरणी झाली की चार वाड्यांच्या अंगठ्यांनिशी तहसील कचेरीत अर्ज द्यायचा आणि वाट मागायची. बस, एवढाच त्यांचा बेत होता.

कातरणी म्हणजे मेंढरांची लोकर कापणं. कोकणात उतरायच्या आधी ती करतात. एका घरच्यानं ते काम उरकत नाही, म्हणून आसपासचे सगळे धनगर एका वाड्यावर जमतात. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. प्रत्येक जण आपली कातर घेऊन येतो. हातभर लांब, दोन पात्यांची, दगडावर घासून चकचकीत केलेली. काम झालं की मटणाचं जेवण. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.

सोमवारी सकाळी दहाला आमच्या वाड्यावर तीस-बत्तीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीत एक मेंढी आणि हातात कातर. मी घोडीच्या पाठीवर चार्जिंगला होतो, म्हणून मला वरून सगळं दिसलं. माळाच्या खालून पोलिसांच्या तीन गाड्या आल्या. जागल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, सोमवारी जमाव जमणार, हत्यारं असणार. आणि बघा, जमाव होता. हत्यारंही होती. जागल्या खरा ठरला!

"फेका! हत्यारं खाली फेका!" असा आरडाओरडा झाला. आता मला सांगा, अर्धी कातरलेली मेंढी मांडीत असताना कातर कशी फेकायची? पातं मेंढीच्या पोटात जाईल. माणसं जिथल्या तिथे बसून राहिली. बहिरू तेवढा उभा राहिला, "काय झालं सायेब?" म्हणत दोन पावलं पुढे गेला, आणि कातर त्याच्या हातातच होती. पहिली लाठी त्याच्या कपाळावर बसली. कवटीचा आवाज झाला. तो बसला आणि त्याच्या डोळ्यांवरून रक्ताचा पडदा उतरला.

मग काही विचारू नका. लाठ्या पाठीवर, नडग्यांवर, बोटांवर पडल्या. मल्हारचं मनगट मोडलं. बायजाआजी मध्ये पडली तर तिला कुणीतरी केसाला धरून ओढलं. सुटलेल्या मेंढ्या, अर्ध्या नागड्या, अर्ध्या लोकरीच्या, जाळी तोडून खाली पळाल्या त्या थेट पौडच्या रस्त्यावर. समोरून खडीचा डंपर येत होता. त्यानं ब्रेक दाबला, पण तोवर सतरा मेंढ्या चाकांखाली गेल्या होत्या. रस्ता लाल झाला आणि त्यावरून गाड्या हळूहळू जात राहिल्या.

"बिरू कोकरे कोण?" पोलिसांच्या साहेबांनी विचारलं. नाना पुढे झाले. पांढऱ्या मिशा, अंगाला लोकरीचे पुंजके चिकटलेले. साहेबांनी एकवार कागदाकडे आणि एकवार नानांकडे बघितलं. त्यांनाही जरा नवल वाटलं असावं. पण कागद वरून आला होता. नानांना गाडीत घातलं, आणि मला घोडीवरून ओढून पिशवीत टाकलं.

ठाण्यात तो कागद मोठ्यानं वाचला गेला. वाचत होत्या सुलक्षणा नावाच्या महिला पोलीस. मित्रांनो, ऐकून माझी काच तडकायची बाकी राहिली. जागल्यानं सात जणांचा एक माणूस केला होता! हा बिरू कोकरे आतडी काढायची भाषा करतो. रक्ताळलेला कोयता हातात घेऊन हसतो. वाहनचालकाला जिवंत सोडणार नाही म्हणतो. सकाळी माणला असतो, दुपारी ताम्हिणीला. सहासष्टाव्या वर्षी आठशे मीटर तीन मिनिटांत पळतो, म्हणजे तयारी चालू आहे. आणि शेवटी ते वाक्य, 'त्या माणसाला आणि त्याच्या कुत्र्यांना एकाच कुऱ्हाडीने तोडले पाहिजे.' फक्त एका नोंदीपुढे लिहिलं होतं, 'अर्थबोध होत नाही.' ती नोंद म्हणजे नानांची हाक. त्या अख्ख्या कागदात तेवढीच नानांची होती!

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं चाललं होतं. आणि इथे तर चोरही कुणी नव्हता.

"हे तूच बोललास?" साहेबांनी विचारलं.

शेवटचं वाक्य ऐकताच नानांनी ते ओळखलं होतं. दाराबाहेर व्हरांड्यात करिष्मा उभी होती, हाताला फडकं बांधलेलं. नानांनी तिच्याकडे एकदा बघितलं, मग मान खाली घातली. "व्हय. म्याच बोललो. समदं म्याच बोललो."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सुलक्षणाबाई काही तरी विचार करत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, हे सगळं बोललेलं आहे, लिहिलेलं नाही. खातं सकाळीच बंद केलंय, पण मूळ आवाज फोनमध्ये असेल. एकदा ऐकून घेऊ या का? हे म्हातारे इतकं बोलणारे वाटत नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. ऐका, ऐका! बटण दाबा! सात आवाज आहेत माझ्या पोटात, आणि त्यांत नानांची नुसती ती हाक. आता नाना सुटणार, असं मला वाटलं. मी यंत्र ते यंत्र. करिष्माचं काय होईल हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

नानांच्या मात्र आलं. "द्या हिकडं, मी खोलून देतो," ते म्हणाले. सुलक्षणाबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. पहिल्यांदाच त्यांनी मला असं धरलं होतं! तळहात खरखरीत होता, लोकरीचा वास येत होता. अंगठ्यानं त्यांनी माझी काच एकदा पुसली. आणि मग हात डोक्यावर नेऊन मला फरशीवर आपटलं. काच उडाली. मी अजून जिवंत होतो, उजेड लुकलुकत होता. त्यांनी खिळ्यांची वहाण उचलली आणि टाच माझ्यावर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मला अंधारी आली. पण कान माझे शाबूत होते; पुढचं ऐकलं तसं सांगतो, बाकीचं नंतर करिष्माच्या तोंडून कळलं.

"पुरावा मोडतोस? थेरड्या!" साहेब खुर्चीवरून उठले. दोन्ही हातांचे तळवे एकाच वेळी नानांच्या दोन्ही कानांवर बसले. फट्! नाना खुर्चीसकट आडवे झाले. त्यांना उठवलं आणि पुन्हा तसंच मारलं. मग दुसऱ्या कुणी पट्ट्यानं तळपायावर मारलं. नाना ओरडले नाहीत. मेंढी कापताना जसा शेवटी एक घरघर आवाज येतो तसा आला. कानांतून रक्ताची धार मिशीपर्यंत उतरली आहे, असं सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि "साहेब, बास! साहेब!" म्हणत मध्ये आल्या.

तेवढ्यात करिष्मा आत घुसली. "त्यो आवाज माझा हाय! मी बोलले! आइका!" आणि तिनं तेच सगळं, शब्दन् शब्द, त्याच सुरात, सहा पोलिसांच्या तोंडावर म्हणून दाखवलं. कुऱ्हाडीचं, कुत्र्यांचं, वाट अडवण्याचं. शेवटी रडलीसुद्धा तशीच.

साहेबांनी कागद हातात घेतला, खालीवर केला. मग म्हणाले, "पोरी, यादीत तुझं नाव नाही. यादीत बिरू कोकरे आहे. रिपोर्ट वर गेलाय. घरी जा."

"आवो पर मी सांगती ना तुमास्नी!"

"यंत्र चुकत नाही. घरी जा."

आणि मित्रांनो, तेव्हा नाना बोलले. जमिनीवर पडल्या पडल्या, अगदी साध्या आवाजात. "पोरगी काय म्हंतीया? तोंड हालतंय तिचं. मला काय बी आइकू का यीना झालंय?"

तेव्हापासून नानांना ऐकू येत नाही. तीन आठवड्यांनी ते जामिनावर सुटले. दोन्ही कानांचे पडदे फाटले आहेत, असं डॉक्टर म्हणाले. आता ते मेंढ्यांना हात लावून लावून मोजतात. मेंढी मागे राहून ओरडते आणि नाना पुढे चालत राहतात. हे मला कळलं करिष्माकडून. ती दर तारखेला सही करायला नानांना घेऊन ठाण्यात येते आणि सुलक्षणाबाईंशी या खोलीच्या दारात बोलते.

मैदानी परीक्षेच्या दिवशी ती जाणार नव्हती. "न्हाई जायाचं मला तसल्या वर्दीत," असं ती शंभर वेळा म्हणाली. पण नानांना ते ऐकूच आलं नाही! त्यांनी तिचे बूट आणून पुढे ठेवले आणि हाताला धरून रस्त्यापर्यंत नेलं. ती पळाली. चांगली पळाली. निकाल अजून लागायचा आहे. "लागू दे न्हाईतर न लागू दे," ती परवा सुलक्षणाबाईंना म्हणाली, "मी कोर्टात उभी ऱ्हानार आन् सांगनार, त्यो फोन दुरुस्त करा आन् आवाज लावा. आजवर कुनी आइकलाच न्हाई." सुलक्षणाबाई म्हणाल्या, "ऐकायला पाहिजे होता गं. नानांच्या हातात द्यायच्या आधी मीच लावायला पाहिजे होता."

माझी काच गेली, पडदा गेला, पण आवाज साठवणारी पोटातली चकती शाबूत आहे. जाणकार कारागीर तासाभरात ती काढील. मित्रांनो, आमच्यासारख्यांना तुम्ही जपता, पुसता, कव्हर घालता, ते चांगलंच आहे. पण आमच्यात जी माणसं बोलतात त्यांना आधी जपा. कुणाचं बोलणं हाती आलं तर नुसतं टिपून घेऊ नका. कोण बोलतंय, का बोलतंय, रडत बोलतंय का, ते ऐका. मी नानांच्या हातून फुटलो, त्याचं मला दुःख नाही. ठाण्यातल्या त्या टेबलावर मी चांगला असताना कुणी माझं बटण दाबलं नाही, त्याचं आहे. अजून जळतंय माझं काळीज, मला काळीज असेल तर.

एवढंच मागतो. कुणी मला दुरुस्त केलंत तर कोर्टात करिष्माचा आवाज लावा, तिला तेच हवं आहे. पण मग मला कासार आंबोलीच्या माळावर घेऊन जा, आणि 'अर्थबोध होत नाही' असं लिहिलेली ती हाक लावा. नानांना ऐकू येणार नाही. पण ते बघत असतील, आणि मेंढरं माना वळवून धावत येतील तेव्हा त्यांना कळेल.